सुराचं शेपूट

बोलावणं आलं तेव्हा ताईने आढेवेढे घेतले नाहीत. वाद्यांच्या दुकानदाराला वाटलं होतं, हातापाया पडावं लागेल. दुकानाच्या वरच्या हॉलमध्ये गिटारचा जुना अँप आणि नवा अँप शेजारी शेजारी ठेवून वाजवायचे, जाणकारांनी ऐकायचं, आणि कुठला सरस ते ताईने सांगायचं, असा त्याचा बेत. जुना बनवणाऱ्या दोघांपैकी एक ताई होती, दुसरा तिचा धाकटा भाऊ. नवा मात्र धाकट्याने एकट्याने बनवलेला. "येते की," ताई म्हणाली, "न येऊन कसं चालेल?" दुकानदार बिचारा खूश. बाई या बोलावण्यावर किती वर्षं टपून बसली होती, ते त्याला काय ठाऊक.

टपून का, ते ऐका. हा जुन्या रेडिओसारखे काचेचे व्हॉल्व्ह असलेला अँप म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारं खोकं, पण दुकानात ढिगाने मिळणारं नव्हे. एकेक हाताने बनवलेला, आणि घेणारे त्यासाठी वर्षवर्ष थांबायचे. ताई आणि धाकटा यांनी तो घराच्या मागच्या खोलीत उभा केला होता. सर्किट धाकटा मांडायचा. ट्रान्सफॉर्मरवरचे तांब्याच्या तारेचे वेढे ताईचे, सोल्डरिंग ताईचं आणि कानही ताईचा. मग ताई ऑपरेशनसाठी दवाखान्यात पडली, आणि तेवढ्यात या पठ्ठ्याने अँपचं नाव, डिझाइन, सगळं एका कंपनीला विकलं. ती घरी आली तर मागची खोली झाडून साफ. वर मुलाखतीत काय म्हणतो? 'ताई सोल्डरिंगला मदत करायची.' मदत! सख्ख्या बहिणीच्या तोंडाला पानं पुसली ती पुसली, वर हसून सांगायचं. त्या दिवसापासून ताईने त्याचं नाव टाकलं. पोटात आग होती, ती मात्र कुणी विझवली नाही, आणि तिनेही विझू दिली नाही.

आता डाव आयता हातात आला होता. त्याच कंपनीचा सूटवाला मुद्दाम आला होता. जुन्या अँपच्या भक्तांनी नवा मान्य केला तर कंपनी तो बाजारात काढणार, नाहीतर धाकट्याचं काम बंद. आणि भक्त मंडळी कोणाच्या तोंडाकडे बघत होती? ताईच्या. सोल्डरिंगला मदत करणाऱ्या बाईच्या.

दोन्ही अँप काळ्या कापडाखाली होते, एक डावीकडे, एक उजवीकडे. धाकटा मागच्या भिंतीला टेकून उभा होता. केस पिकले होते त्याचे. ताईने पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. वाजवायला एक नावाजलेला गिटारवाला होता, सगळे त्याला झिपऱ्या म्हणत. त्याने आधी डाव्यात वायर घातली आणि एक गत वाजवली. दोन सुरांतच ताईला कळलं की हा आपला. आपलं पोर गर्दीत ओळखायला वेळ लागतो का कुठे?

लोक आवाजाचा तडाखा ऐकतात. ताई तडाख्याकडे लक्षच द्यायची नाही. ती सूर मरताना ऐकायची. तार सोडली की आवाज उतरत उतरत जातो, आणि अगदी शेवटी, संपता संपता, त्यांच्या अँपमध्ये तो घसा बसल्यासारखा खरखरायचा. ताई त्याला शेपूट म्हणायची. हे शेपूट साफ करायला दोघांनी जंग जंग पछाडलं होतं. व्हॉल्व्ह बदलले, कपॅसिटर बदलले, ट्रान्सफॉर्मर पुन्हा पुन्हा गुंडाळले. नाही म्हणजे नाहीच गेलं. बाकी जगात कुणाला ते ऐकूही येत नव्हतं, पण ताईची झोप त्याने उडवली होती.

झिपऱ्याने वायर उजव्यात घातली. तीच गत, आणि मग एक लांब सूर. ताईने सवयीने डोळे मिटले आणि खरखरीची वाट बघितली. सूर उतरला, बारीक झाला, आणखी बारीक झाला, आणि शांतपणे संपला. खरखर आलीच नाही.

तिच्या अंगावर काटा आला. जन्मभर जे ऐकायचं होतं ते ऐकलं होतं तिने, आणि ते या चोराच्या हातून आलं होतं. तिला रडू फुटेलसं वाटलं आणि त्याच क्षणी त्याचा गळा धरावासाही वाटला. याच्या हाताला का यावं हे? मागची खोली साफ करून नेणाऱ्याच्या? "पुन्हा एकदा वाजवा," ती म्हणाली. परीक्षेसाठी नव्हे, फक्त ऐकायला.

मग ती उठली.

"डावा आमचा जुना," ती म्हणाली. दुकानदाराने कापड ओढलं. बरोबर होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. "आणि चांगलाही तोच. उजवा ऐकायला गोड आहे, पण शेवटी तुटतो. आत जीव नाही."

झालं. ज्या बाईने दोन सुरांत अँप ओळखला तिच्या शब्दावर कोण शंका घेणार? म्हातारे भक्त माना डोलवू लागले, म्हणे आम्हालाही तसंच वाटलं. खोटारडे कुठले! सूटवाल्याने फोन खिशात घातला आणि धाकट्याला म्हणाला, "मग विषय संपला आपला." ताईला इतकं बरं वाटलं, इतकं बरं वाटलं की विचारता सोय नाही.

खुर्च्या रिकाम्या झाल्यावर धाकटा नव्या अँपपाशी बसला. आता भांडेल, ताईला वाटलं. बोलायचं ते सगळं तिने केव्हापासून तयार ठेवलं होतं. पण तो भांडला नाही.

"मला वाटलं, या वेळी शेपूट गेलं," तो म्हणाला. "दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मी उडवून लावलं असतं. पण माझ्याशी बोलत नसलीस तरी आवाजाच्या बाबतीत तू खोटं बोलणार नाहीस." मग त्याने विचारलं, "कुठे तुटतं नक्की?"

आता जागाही सांगायची होती. "सूर खाली उतरला की," ताई म्हणाली. "अगदी शेवटी."

त्याने मान हलवली. "म्हणजे वेढ्यांतच चूक. कितीदा गुंडाळला, एकदाच असा बसला. कसा बसला ते माझं मलाही सांगता येणार नाही." त्याने अँपचं मागचं फळकूट काढलं, आत साठलेली वीज उतरवली, ट्रान्सफॉर्मर सोडवून मांडीवर घेतला. वरचा कागद पात्याने चिरला आणि तारेचं टोक शोधू लागला. "बघतो उकलून," तो म्हणाला.

'थांब' हा शब्द ताईच्या ओठांवर आला होता. एका शब्दाचं काम होतं. तिने त्याच्या पिकल्या डोक्याकडे पाहिलं, मग अँपच्या तोंडावरच्या पितळी पट्टीकडे. पट्टीवर त्याचं एकट्याचं नाव होतं.

ती काही बोलली नाही. धाकट्याने टोक ओढलं आणि तांब्याची तार मोकळी होऊन फरशीवर पडू लागली.