नीराबाईची बाव

कल्पिताच्या प्रयोगशाळेत बोलायला म्हणून होतं ते यीस्ट. पाव फुगवतं तेच, फक्त त्याच्या पेशींत माणसाचं एक जनुक बसवलेलं. पाण्यात बाईच्या हार्मोनसारखं काही सापडलं, की या पेशी पिवळा द्रव लाल करत. बोर्ली पंचतनच्या भाड्याच्या खोलीत तिची वाट बघणारं कुणी नव्हतं, तेव्हा ती त्यांच्याशीच गप्पा मारायची.

जवळच्या वाडीतल्या नीराबाईच्या बावेच्या, म्हणजे विहिरीच्या, पाण्याने द्रव लाल झाला, तशी ती घाईने सांगून आली, "तूर्त पिऊ नका." तेवढं पुरलं. बायका लांबच्या विहिरीवर जाऊ लागल्या. जिचा सगळा दिवस कळश्यांच्या गलक्यात जायचा, ती म्हातारी काठावर एकटी बसून राहिली.

तुलनेसाठी सोबत नेलेलं शुद्ध पाणी कल्पिताने मागाहून तपासलं. तेही लाल. म्हणजे खोट बाटल्यांत होती. बाटल्या तिनेच विसळल्या होत्या, घरी तांब्या विसळतात तशा, आत बोटं घालून. त्याच बोटांनी सकाळी दंडाला हार्मोनचं जेल चोळलं होतं. तिशीतच तिची पाळी गेली होती. लग्न त्यावरून मोडलं, आणि हे तिने आईलाही सांगितलं नव्हतं.

हातमोजे घालून तिने नव्या बाटल्यांत नवे नमुने घेतले. ते पिवळेच राहिले. विहिरीत काही खोट नव्हती.

नीराबाईने बायकांना बोलावून आणलं. "चूक माझी होती, पाणी चांगलं आहे," कल्पिता म्हणाली.

शेजारची कमळ हसली. "तवा वाईट, आता चांगलं. कशावरून?"

'यंत्र बिघडलं' म्हणून वेळ मारून नेता आली असती. पण नीराबाई तिच्या तोंडाकडे बघत होती. कल्पिताने सगळं सांगितलं, जेल, पाळी, बोटं, सगळं.

कमळ म्हणाली, "सोताबद्दल असं खोटं कोन बोलंल?" आणि तिने पोहरा आत सोडला. मागोमाग बाकीच्या सरसावल्या. नीराबाईचे डोळे भरून आले.

कल्पितालाही फार हलकं वाटलं. कमळची कळशी भरली, तशी ती उचलून द्यायला कल्पिता पुढे झाली.

"ऱ्हाऊ दे बाय, हात नको लावू," कमळ मागे सरली आणि तिने दुसरीला हाक मारली.

कल्पिताला तिच्यावर रागावताही येईना. हात लागून काय होतं, ते तिनेच तर आत्ता सांगितलं होतं.