आरोपीतर्फे

वकिलीच्या बँडचा मागचा हूक काही केल्या लागत नव्हता. पांढऱ्या कापडाच्या दोन पट्ट्या गळ्याशी लोंबत होत्या आणि मानेमागे बोटं त्या बारीक वाकड्या टोकाला चाचपडत होती, सापडलं की निसटत होती... इतकी वर्षं रोज सकाळी न बघता लावलेला हूक, आणि आज बोटंच ऐकत नाहीत. जानेवारी आहे, बोटं आखडायचीच, प्रभाकररावांनी स्वतःला सांगितलं. पण आरशातल्या माणसाला हे पटलेलं दिसत नव्हतं. मी घाबरलो आहे. चांगलाच घाबरलो आहे.

पद्मा मागून आली, तिने हूक अडकवला. तिचा हात मानेवर जरा जास्त वेळ राहिला.

"जायलाच पायजे का?" तिने विचारलं.

काल संध्याकाळी अंगणात दगड येऊन पडला होता. त्याबद्दल नवराबायको एक शब्द बोलली नव्हती. कारण बोलायचं म्हणजे कुणी मारला असेल त्याची नावं मनात आणायची, आणि ती सगळी नावं ओळखीची होती — कुणाच्या वाटणीचा दावा त्यांनी चालवलेला, कुणाच्या पोरीच्या लग्नात ते मुलीकडचे म्हणून उभे राहिलेले. परक्या गावात माणूस दार लावून घेतो. आपल्याच गावात कोणतं दार लावायचं?

या गावाने त्यांना कौतुकाने 'बॅरिस्टर' करून टाकलं होतं. विलायत तर सोडाच, ते दिल्लीच्याही पुढे कधी गेले नव्हते. पण सव्वीस जानेवारी आली की कुठल्या ना कुठल्या शाळेचं बोलावणं ठरलेलं, आणि शाळेच्या पटांगणात ते सांगायचे — शंभर अपराधी सुटले तरी चालतील, पण एका निरपराध्याला शिक्षा होता कामा नये! पोरं टाळ्या वाजवायची. सेलूच्या शाळेने तर शाल दिली होती. बोलाचीच कढी अन् बोलाचाच भात. जेवणारेही खूश, वाढणाराही खूश.

मग कापडवाल्यांचा मुलगा अनय मेला. कापसाच्या जिनिंग कारखान्यामागे त्याचं प्रेत सापडलं आणि त्यांच्याच दुकानाची गाडी चालवणाऱ्या मुकेशला पोलिसांनी खुनासाठी धरलं. बाजार बंद राहिला. वकिलांची सभा भरली, मुकेशचं वकीलपत्र कुणीही घ्यायचं नाही असं ठरलं, आणि ठराव लिहायला कागद नेहमीप्रमाणे प्रभाकररावांपुढे सरकवला गेला, कारण मराठी त्यांचं चांगलं. त्यांनी एका बैठकीत लिहिला. 'नराधम मुकेश' असं लिहिलं. अनयला ते त्याच्या लहानपणापासून ओळखत होते, दुःख झालं होतं, हे खरं... पण तो शब्द दुःखातून आला नव्हता. त्या जागी तो शोभत होता, म्हणून आला. खटला उभा राहायचा होता, पुरावा कुणी पाहिला नव्हता, आणि बॅरिस्टरसाहेबांनी शब्दाचं वजन तेवढं पाहिलं.

दुसऱ्या दिवशी ठराव त्यांच्या नावासकट पेपरात आला. आणि तिसऱ्या दिवशी वडनेरहून देवकाबाई आली, मुकेशची आई. ओट्यावर बसली, पदराने तोंड पुसलं, आणि पाया पडायला वाकली.

"पेपरात तुमचं नाव आलं ना जी, माह्या मुकेशच्या नावासंगं. शेजारनीनं वाचून दाखवलं. म्हटलं, देव पावला. न सांगता-पुसता एवढा मोठा वकील उभा राह्यला माह्या पोरासाठी."

शेजारणीने नावंच तेवढी वाचली होती, की पुढचं वाचायची तिला लाज वाटली, कोण जाणे. प्रभाकररावांनी तोंड उघडलं. 'बाई, तसं नाही' — एवढेच शब्द होते. ते निघाले नाहीत. ती इतक्या विश्वासाने बघत होती, की त्यांनी मान खाली घातली आणि वकीलपत्र घेतलं. गावाला वाटलं, म्हातारा बंडखोर निघाला! बंड कसलं आलंय? एका बाईला खरं सांगायला भ्यालो, एवढंच.

आज मुकेशच्या जामिनाची सुनावणी होती. ते पायीच निघाले. पानठेल्यावरच्या माणसाने रोजच्यासारखा नमस्कार केला.

"सायेब, आज पायीच? सांभाळून जाजा जी."

रोजचंच वाक्य. तरी ते पुढच्या वळणापर्यंत पाठीवरून उतरेना.

कोर्टातल्या वकिलांच्या बाररूममध्ये त्यांची खुर्ची जागेवर होती, चहाही आला. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. वकील संघाचे अध्यक्ष बापूराव खुर्ची ओढून जवळ बसले. एका वर्गात शिकलेले दोघे. त्यांनी पुढची तारीख मागायचा अर्ज स्वतःच टाइप करून आणला होता.

"प्रभाकर, तुले कोनी काई म्हनून नाई राह्यलं. तब्येत बरी नाई म्हन, तारीख घे. मग पुढची घे. लोक विसरते. तू आपला मानूस आहे बाबा."

सही करून अर्ज खिशात ठेवला तेव्हा एकदम हलकं वाटलं, आणि आपल्याला तसं वाटावं याचं त्यांना वाईट वाटलं. तारीख! किती घेतल्या आयुष्यात. त्या प्रत्येक तारखेला कुणीतरी आत बसलेलं होतं, हे ठाऊक असूनही कधी जाणवलं नव्हतं.

शिपायाने पुकारा केला. कोर्ट गच्च भरलं होतं. पुढच्या बाकावर अनयचे वडील. त्यांच्या नजरेत राग नव्हता, नुसतं नवल होतं, आणि ते सोसवेना. मागे भिंतीपर्यंत माणसं.

"आरोपीतर्फे कोण?" न्यायाधीशबाईंनी विचारलं.

हात खिशाकडे गेला. त्याच वेळी त्यांची नजर मागच्या बाकावर देवकाबाईकडे गेली. घरच्या माणसाकडे बघावं तशी ती बघत होती. आणि तिच्या शेजारचा कुणी एक तरुण तिच्याकडे झुकला, मोबाईल तिच्यापुढे धरला, आणि त्यावर बोट ठेवून, सावकाश, तिला समजेल असं काहीतरी वाचू लागला.

काय वाचतो आहे ते प्रभाकररावांना इथून कळलं. त्यांनीच लिहिलेला ठराव, त्यांचंच मराठी होतं ते.

गर्दी होती तिथेच होती, दगड मारणारेही त्यातच असतील. पण त्यांची भीती वाटायला मनात जागा उरली नव्हती. फक्त तो एक सुरकुतलेला चेहरा... वाचू दे, त्यांना वाटलं. सगळं वाचू दे, एकही शब्द गाळू नकोस रे बाबा. मग ती उठून ओरडेल, 'हा मानूस नको मले' — आणि मी सुटेन.

"आरोपीतर्फे कोणी हजर आहे का?"

तरुण वाचायचा थांबला. देवकाबाईने मान वर केली आणि सरळ त्यांच्याकडे पाहिलं. ती ओरडली नाही. प्रभाकरराव टेबलाची कड धरून अर्धवट उठलेले, धड उभे नाहीत, धड बसलेले नाहीत. आणि सगळं कळूनही ही बाई आता मान हलवेल, 'बोला जी' म्हणेल, याचीच त्यांना सगळ्यात जास्त भीती वाटू लागली.