भिंतीतला खार

खारपाणपट्ट्यात पोरगी द्यायची म्हटलं की बाप दहादा विचार करतो. विहिरीचं पाणी खारं, डाळ शिजता शिजत नाही, साबणाला फेस नाही. जाणूनबुजून कोण ढकलेल पोरीला तिथं? म्हणून अकोल्याकडच्या त्या गावात आशाबाई सकाळपासून ओला फडका घेऊन बैठकीची भिंत पुसत होती. नांदगाव खंडेश्वरहून पाहुणे घर पाहायला यायचे होते, आणि शिवमला, तिच्या पोराला, त्यांची पोरगी आचल मनापासून आवडली होती.

हिवाळा लागला की त्या भिंतीला पांढरी लव फुटायची. जमिनीतला खार ओलीबरोबर वर चढतो, वातीत तेल चढावं तसा. ओल वाळून जाते, खार तेवढा मागे राहतो. हे जेवणातलं मीठ नव्हे, सल्फेट आहे, असं शिवम सांगायचा. नाव काही का असेना, पाणी लावलं की मेला विरघळून आत दडायचा आणि वाळलं की परत हजर. मागच्या साली तिच्या नवऱ्यानं, वामनरावांनी, ऑइलपेंट मारला, तर खारानं आतून फुगून पोपडेच पाडले.

"पावने जाईस्तोर भीत ओली ठेव," वामनराव म्हणाले. "झाकली मूठ सव्वा लाखाची."

पण वाटेत गाडी पंक्चर झाली, आणि पाहुणे येऊन टेकले तोवर ऊन थेट बैठकीत शिरलं होतं. पोहे झाले, चहा झाला. आचलच्या आईच्या डोक्यामागे भिंत हळूहळू पांढरी होत होती, आणि चारचौघांत उठून फडका मारायची सोय नव्हती.

आचलनं भिंतीला बोट लावलं. "मावशी, चुना हाय का हा?"

"नवाच मारला," वामनराव घाईनं म्हणाले. पोरगी मात्र आशाबाईकडेच पाहत राहिली.

लग्नाआधी आशाबाईचा बाप हे घर पाहून गेला होता. बैठक कशी गारगार आहे, असं कौतुकानं सांगत होता बिचारा. त्या दिवशी ओला फडका सासूच्या हातात होता, हे तिला नांदायला आल्यावर कळलं. तेव्हापासून ती इथंच अडकून पडली होती.

"चुना नाही बाई, खार हाय," आशाबाई म्हणाली. "चाखून पाह्य. विहिरीतबी हाच हाय."

आचलनं बोट जिभेला लावलं आणि तोंड कडू करून आईकडे पाहिलं. पाहुणे गोड बोलून उठले. कळवतो म्हणाले, आणि कळवतो म्हणजे काय ते सगळ्यांनाच कळतं.

वामनराव फणफणत शेतात निघून गेले. शिवम उंबऱ्यात बसून राहिला.

"काहून सांगतलं, माय? तुले कोणी सांगतलं असतं, तर तू आली असती का या घरात?"

"नसती आली," आशाबाईच्या तोंडून निघून गेलं.

शिवमनं मान वर करून तिच्याकडे पाहिलं. तिनं कोपऱ्यातला फडका उचलला.

शिवम उठला. तिच्या हातातला फडका घेऊन त्यानं बादलीत बुडवला, पिळला आणि भिंत पुसायला लागला.