चंदनाचा हार

कॉलेजच्या हीरकमहोत्सवाला थोडाच वेळ उरला होता. प्राध्यापिका मोनाली दाराशी रांगोळी बघत होती, तेवढ्यात शिपाई अभिमन धापा टाकत आला. "मॅडम, चौधरी सर उनात!"

"आले? कोण चौधरी?"

"वनस्पतिशास्त्रवाला. जित्ता शेतस!"

"जिवंत आहेत?" मोनाली किंचाळलीच. धुळ्याच्या या कॉलेजचा इतिहास लिहायचं काम तिच्या गळ्यात पडलं होतं. दगडी इमारत कोणी बांधली, बाग कोणी लावली, सगळं तिनं स्मरणिकेत लिहिलं. सभागृहात जुन्या प्राध्यापकांच्या तसबिरीही तिनंच लावल्या. एरंडोलला चौधरींच्या घरी नुकतीच दशक्रिया झाली, एवढं तिच्या कानावर आलं होतं. लीलाधर चौधरी ऐंशीच्या पुढचे, मग विचारायचं काय त्यात? घातला बाईसाहेबांनी त्यांच्या तसबिरीला चंदनाचा हार, लावली खाली पणती. एक फोन केला असता तर काय बोटं झिजणार होती!

आता जिवंत माणूस स्वतःचाच हार घातलेला फोटो बघणार. साडीच्या निऱ्या धरून ती सभागृहाकडे पळत सुटली. पण सर आधीच तसबिरीसमोर पोचले होते, काठीवर भार देऊन, मान वर करून.

"सर, चूक झाली माझी..." तिला रडूच कोसळलं.

"रडतेस काय, बेटा? फोटो छान आहे. प्रमिलानंच काढला होता."

शेजारच्या तसबिरीत प्रमिलाबाई हसत होत्या. सरांची पत्नी; त्यांनीही त्याच विभागात जन्मभर शिकवलं होतं. त्यांच्या तसबिरीला हार नव्हता.

"अभिमन, काढ रे तो हार," सर म्हणाले.

अभिमन स्टुलावर चढला.

"आता तिला घाल."

दशक्रिया कोणाची होती, ते मोनालीला तेव्हा कळलं. तिला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

"तिला फार यायचं होतं आज," सर म्हणाले. "साडीसुद्धा काढून ठेवली होती."

टेबलावर स्मरणिकांचा गठ्ठा होता. सरांनी एक प्रत उचलली. बाग लावणाऱ्या सरांवर मोनालीनं दोन पानं लिहिली होती आणि बाईंवर एकच ओळ: ‘या कामी त्यांना पत्नीची मोलाची साथ लाभली.’ ती प्रत हिसकावून घ्यावी असं तिला वाटलं.

सरांनी चष्मा खिशात चाचपला, सापडला नाही. मग त्यांनी प्रत जपून पिशवीत ठेवली.

"बाग निम्मी तिचीच," ते म्हणाले. "काय लिहिलंयस तिच्यावर, ते घरी निवांत वाचतो."