विडी न ओढणाऱ्या बाईची गाडी

कानिफनाथ ड्रायव्हरचा आवाज असा होता की त्याच्या मोटारीला हॉर्नची गरजच नव्हती. त्या सकाळी तो आवाज माझ्यावर सुटला आणि माझ्या छकड्यातल्या सहाही पोरी एकदम रडायला लागल्या. मी रडले नाही. कासरा घट्ट धरून जागेवर बसून राहिले.

मी कासरा हाती घेतला कसा, ते आधी सांगते. लढाईचे दिवस होते. मेरीचे वडील पलटणीत भरती होऊन गेले आणि घरी एक छकडा, दोन बैल आणि आम्ही दोघी मायलेकी उरलो. आमच्या वाडीत शाळा चौथीपर्यंत. पुढे शिकायचं तर नगरला, मिशनच्या मुलींच्या शाळेत. मुलगे चालत जायचे, पण पोरींना एवढ्या लांब पायी कोण धाडणार? चौथी झाली की पोरगी चुलीपुढे आणि दोनचार उन्हाळ्यांत बोहल्यावर. माझ्या मेरीचं तसं होऊ द्यायचं नाही, हे मी ठरवून टाकलं. आणि तिच्यासाठी बैल जुंपायचेच, तर शेजारच्या पोरींनी काय घोडं मारलं होतं?

मी घरोघर फिरले. आबासाहेब पाटलांच्या दारात तर इतक्या वेळा गेले की त्यांचं कुत्रं माझ्यावर भुंकायचं विसरलं. शेवटी पाटील वैतागून म्हणाले, "ने बाई चांगुणाला. तुजी कटकट तरी मिटंल." पाटलाची पोरगी गाडीत बसली म्हटल्यावर आणखी चौघींचे बाप कबूल झाले. गावाने बोलायचं ते बोलून घेतलं. नांगराला बाईचा हात लागला तर पाऊस पडत नाही म्हणतात. मी म्हटलं, मी नांगराला कुठे हात लावलाय? छकड्याचं पावसाला काय सोयरसुतक?

तर तो दिवस. गाडी सुरू होऊन आठवडाच झाला होता आणि तोवर त्या चढावर मोटार कधी आमच्या मागून आली नव्हती. वाडीहून नगरला निघालं की केडगावच्या अलीकडे एक ओढा लागतो. आमच्या बाजूने रस्ता उताराने ओढ्यात शिरतो, फरशीच्या ठेंगण्या पुलावरून पलीकडे जातो, तिथे बाभळींमधून एक वळण घेतो आणि मग केडगावकडचा चढ सुरू होतो. वळणाच्या अलीकडे लिंबाखाली शेंदूर फासलेला म्हसोबाचा धोंडा आहे. मी ओढा ओलांडला, म्हसोबा मागे टाकला आणि चढाला लागले. गाडी चढाच्या मध्यावर आली असेल नसेल, तोच मागून घरघर ऐकू आली. वळून बघते तो उतारूंची सर्व्हिसची मोटार वळणातून थेट आमच्या अंगावर आलेली.

कानिफनाथाने चाक फिरवलं. मोटार माझी गाडी आणि बाभळी यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेतून निसटली. तिचा पत्रा माझ्या चाकाला चाटून गेला म्हणायचा, इतकी जवळून. हरण्या बैल बिथरला, त्याला मी कसाबसा आवरला. मोटार चार हात पुढे गेली, खोकली आणि बंद पडली. उतारू पटापट खाली उतरले, कुणी चाकाखाली दगड लावला. आणि कानिफनाथ आला. हातात कोळसा ढवळायची लोखंडी सळई, तोंड काजळीने काळं आणि त्यात डोळे तेवढे लाल.

"अगं ए बाई! डोळे हायत का खाचा? म्हसोबापाशी का न्हाई थांबली?"

"तुमचा म्हसोबा, तुमी थांबा!" मीही काही ऐकून घेणारी नव्हते. "आमी किरिस्ताव. आमी धोंड्याला हात जोडत न्हाई."

"हात गेले खड्ड्यात! थांबायचं असतंय तितं!"

"मला धरम शिकवू नका!"

तो आणखी काय काय ओरडला. मीही ओरडले. रागाचं बोलणं रागाच्या कानांनी ऐकलं की त्यातलं एक अक्षर आत जात नाही. शेवटी उतारूंनी त्याच्या हातातली सळई काढून घेतली. जाता जाता तो म्हणाला, "ही गाडी पुन्ना या रस्त्यावर दिसली तर बैल सोडून दीन तुजे! पोरी मारायला निगालीया!"

हे शेवटचं वाक्य आमच्या आधी वाडीत पोचलं. संध्याकाळी पाचही बाप पाटलांच्या ओट्यावर जमले होते. आबासाहेब एवढंच म्हणाले, "बास झालं, बाई. उद्यापासनं चांगुणा येनार न्हाई." चांगुणा दाराआडून बघत होती. तिच्या तोंडाकडे बघून मला भडभडून आलं. घरी येऊन मी बैलांना वैरण टाकली आणि तिथेच बसून राहिले. मला राग होता तो कानिफनाथाचा. एका माणसाच्या तोंडाने पाच पोरींची शाळा बंद व्हावी? हे मी चालू देणार नव्हते. पण त्याच्याशी भांडायचं तर आधी कळायला हवं होतं की हा माणूस एवढा पेटला कशाने. वाचलो होतो ना सगळे? मग?

शनिवारी मी मेरीला घरी ठेवलं, भाकरी बांधून घेतली आणि त्या चढावर, खालचा म्हसोबा दिसेल अशा बाभळीखाली जाऊन बसले. बाजाराचा दिवस, गाड्यांची रीघ लागलेली. एक गाडी आली, म्हसोबापाशी थांबली, गाडीवानाने हात जोडले. ठीक. दुसरी थांबली. मग मुसलमान कासाराची गाडी आली, बांगड्यांच्या पेट्यांनी भरलेली. तीही थांबली! आणि मग केडगावचा एलिया आला, आमच्याच देवळातला, दर रविवारी पहिल्या बाकावर बसणारा. त्यानेही गाडी थांबवली. म्हसोबाकडे पाठ करून तो कान खाजवत बसला. इतक्यात पलीकडच्या उतारावरून मोटार सुटल्याचा आवाज आला. ती धडधडत फरशी ओलांडून, वळण घेऊन, दमानं चढ चढून गेली. ती गेल्यावर सगळ्या गाड्या हलल्या.

मी एलियाला गाठलं. "एलियादादा, तू म्हसोबाला का थांबलास?"

"म्हसोबाला कोन थांबतंय? मोटार जाऊ द्यायला थांबलो." तो माझ्याकडे वेड्यासारखा बघायला लागला. "लढाईपायी पेट्रोल मिळंना, म्हनून कोळशाच्या गॅसवर चालती ती. वरून जोरात सोडावी लागती, न्हाईतर चढच चढत न्हाई. मदी थांबली की ढकला. म्हनून गाड्यांनी हितं थांबायचं. सगळेच थांबत्यात. तुला कुनी सांगितलं न्हाई व्हय?"

कुणी सांगणार? सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट कुणीच कुणाला सांगत नाही. मेरीचे वडीलसुद्धा इथे थांबायचे. थांबले की ते विडी पेटवायचे आणि मी मागे बसून धूर खायची. मला वाटायचं, विडीसाठी थांबतात. मी तर विडी ओढत नाही, मग मी कशाला थांबू?

मी तशीच केडगावला गेले. मोटार उभी होती आणि कानिफनाथ मागच्या टाकीतली राख काढत होता. मला बघितल्याबरोबर त्याच्या कपाळाची शीर उठली. तो तोंड उघडणार, तोच मी म्हटलं, "ड्रायव्हर, आता मी बोलते. सोमवारपासनं मी म्हसोबापाशी थांबनार. मोटार गेल्याबिगर चढाला लागनार न्हाई. पर हात जोडनार न्हाई आनि नारळ फोडनार न्हाई."

"तुज्या नारळाला कोन इचारतंय?" तो ओरडला. मग आवाज जरा खाली आला. म्हणजे दुसऱ्या माणसाच्या ओरडण्याएवढा झाला. "त्या वळनाला मी बिरेक मारत न्हाई, बाई. मारला की मोटार बसली. तितं म्होरं गाडी नसतीच कधी. त्या दिशी वळलो आन् बगतो तर म्होरं पोरींची तोंडं. सगळ्या माज्याकडं बगत्यात. आजून जेवायला बसलो की ती तोंडं दिसत्यात. घास उतरत न्हाई मला!" आणि त्याने राखेच्या घमेल्याला लाथ मारली.

मला त्याची कीव आली आणि त्याचा संतापही आला, दोन्ही एकदम. घाबरला होता बिचारा. पण घाबरलेल्या माणसाने आपली भीती आपल्याजवळ ठेवावी. याने ती अख्ख्या वाडीला वाटली होती. मी म्हटलं, "मग आता त्या पोरींच्या बापांना सांगा की गाडी थांबती म्हनून."

"न्हाई सांगनार. आदी थांबून दाव."

"दावते."

सोमवारी मी बैल जुंपले आणि एकट्या मेरीला घेऊन निघाले. वाडी हसली. "एका पोरीला दोन बैल!" "इलिझाबाई, पोरीला राजवाड्यात निऊन सोडतीस का?" भरलेल्या गाडीत पोरी चिवचिवतात, रस्ता कधी सरतो कळत नाही. रिकाम्या गाडीचा खडखडाट मात्र डोक्यात जातो. तरी मी रोज जात होते. म्हसोबापाशी लिंबाखाली गाडी उभी करायची, मेरीने पाढे म्हणायचे, मोटार जाऊ द्यायची आणि मग निघायचं. कानिफनाथ माझ्याकडे बघत नसे. नाक वर करून निघून जाई.

मी पाचही घरी पुन्हा जाऊन सांगितलं की गाडी आता थांबते. पण मी सांगून काय उपयोग? आपल्याच ताकाला आंबट कोण म्हणतं? पाटलांनी तर मला बसाही म्हटलं नाही. वाटेवरच्या विहिरीवर रोज चांगुणा घागर घेऊन उभी असायची. गाडी दिसेनाशी होईपर्यंत ती घागर उचलत नसे. एक दिवस कळलं की तिला बघायला सुप्याकडचे पाहुणे येणार आहेत. त्या रात्री मी देवापुढे गुडघे टेकले ते प्रार्थनेला कमी आणि भांडायला जास्त. पण सकाळी पुन्हा बैल जुंपले. दमायचं असेल तर वाडीने दमावं, मी दमणार नव्हते.

पुढच्या बाजाराच्या दिवशी आबासाहेब आणि त्यांची बायको झुंबरबाई मोटारीने नगरला लुगडं-खण आणायला निघाले. पाहुणे यायचे होते ना! शनिवारीही मेरीची शाळा असायची, म्हणून मी नेहमीसारखी म्हसोबापाशी उभी होते. मोटार समोरून गेली. पुढे काय झालं ते मला झुंबरबाईने संध्याकाळी विहिरीवर सांगितलं. हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

चढ संपल्यावर सपाटीला कानिफनाथाने मोटार उभी केली आणि मागे वळून ओरडला, "पाटील! ती गाडी बगितली का? रोज रिकामी जाती. तुमची पोरगी कुटाय?"

पाटील गडबडले. "आरं, तूच म्हनला ना, त्या गाडीत पोरी मरत्याल म्हनून?"

"थांबत जा म्हनलो हुतो मी! बंद करा न्हाई म्हनलो! ती थांबती आता. रोज थांबती. माज्या मोटारीसाटी ती बाई थांबनार आन् तुमी पोरी घरी बसवनार? मग ती थांबती कशापायी? माजं तोंड बगायला?"

"आता चल की फुडं."

"न्हाई. पोरगी येती का न्हाई ते सांगा, मग मोटार हलंल."

मोटारीत कोंबड्या होत्या, अंडी होती, विकायला निघालेली मेथी होती. बाजार हुकतो म्हटल्यावर सगळे उतारू एका क्षणात मुलींच्या शिक्षणाचे कैवारी झाले आणि पाटलांवर तुटून पडले. पाटलांच्या शेजारून झुंबरबाईसुद्धा बोलली, हे तिने मला दोनदा सांगितलं. काय बोलली ते मात्र सांगेना, नुसती पदर तोंडाला लावून हसत राहिली.

कानिफनाथ माझ्याशी पुढेही कधी गोड बोलला नाही. मला त्याच्या गोडव्याची गरजही नव्हती. त्याचा राग योग्य दारात जाऊन पडला, एवढं मला पुरलं.

सोमवारी मी गोठ्यातून बैल सोडून आणले तर चांगुणा आधीच छकड्यात बसलेली, केसांना तेल, मांडीवर दप्तर. तिच्यामागे बाकीच्या चौघी चढत होत्या. मी हळूच विचारलं, "अगं, आज तुला बगायला पाहुनं येनार हुतं ना?"

"येनार हायत की," चांगुणा सरकून बसत म्हणाली. "आई म्हनली, आल्यावर सांगते त्यांना, पोरगी साळंला गेलीया."