दोन पायांची पिन

जावयाने हातोडा उचलला आणि सासऱ्याच्या काळजात धस्स झालं.

"हळू," सासरे, म्हणजे सर्व्हेअर, म्हणाले.

"हळू मारून निघत नाही, बाबा," जावई म्हणाला, आणि चाकाजवळच्या लोखंडी सांध्याच्या कडेवर त्याने सणसणीत ठोका दिला. दुसऱ्या ठोक्याला जुना टाय रॉड सुटून खाली लोंबकळला.

गॅरेजमध्ये दोन माणसांची, उघड्या टपाची हिरवी स्पोर्ट्स कार स्टँडवर चढवलेली होती. पुढची दोन्ही चाकं काढून भिंतीला टेकवली होती. स्टिअरिंगचं वळण चाकांपर्यंत नेणारे टाय रॉड झिजले होते, त्यामुळे सरळ रस्त्यावरही ती हट्टी पोरासारखी एकीकडे ओढायची. हे काम सर्व्हेअर स्वतःच करणार होते, पण गुडघ्यांनी संप पुकारलेला. जावई म्हणाला, रविवारी मी येतो. आणि सर्व्हेअरांनी तोंड उघडायच्या आत बायकोने होकार देऊन टाकला.

निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी सगळी गल्ली त्यांना सर्व्हेअरच म्हणायची. विमा कंपनीसाठी अपघाताच्या गाड्या तपासण्यात त्यांची उभी हयात गेली. कोणी सांगे ब्रेक लागला नाही, कोणी सांगे कुत्रं आडवं आलं. हे गाडीखाली शिरायचे, बाहेर येऊन पँट झटकायचे आणि म्हणायचे, "खोटं." बहुतेक वेळा ते खोटंच निघायचं. अशा माणसाला घरी आल्यावर तरी विश्वास ठेवायची सवय कुठून असणार? त्यांच्या लेखी दूधवाल्यापासून डॉक्टरपर्यंत सगळे संशयित.

आणि जावई तर दातांचा डॉक्टर. लोकांचे दात उपटताना बोलत असेल तितक्याच मऊपणाने घरीही बोलायचा. सर्व्हेअरांना नेमकं तेच खुपायचं. मुलगी एकुलती एक, गाडी देखणी, आणि मागे एकदा जेवताना यानं सहज विचारलं होतं की बाबा, गाडी कोणाच्या नावावर आहे? सहज म्हणे! सहज बोलून गेलेली माणसंच तर त्यांनी जन्मभर पकडली होती. आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय. बायकोला त्यांनी तसं बोलून दाखवलं, तर ती म्हणाली, अहो, जावई आहे तो, दरोडेखोर नाही. बायको भोळी होती.

आता पंचाईत अशी की जावई काम चोख करत होता. जुना रॉड नव्याशेजारी ठेवून त्याने लांबी जुळवली, आटे जुन्याइतकेच आत नेले, नट आवळला आणि नटातून स्प्लिट पिन ओवली. पिन कसली, दोन पायांची तार ती, केसांच्या आकड्याएवढी. पण नट फिरून सैल पडू नये म्हणून अडसर तिचाच. ती नसली आणि नट निघून आला, तर स्टिअरिंग एकीकडे आणि चाक भलतीकडे. असे अपघात सर्व्हेअरांनी पाहिले होते. जावयाने पक्कडीने तिचे पाय वाकवले आणि म्हणाला, बघा. सर्व्हेअरांनी बॅटरीचा झोत टाकला. खोट काढायला जागाच नव्हती, आणि त्यानेच ते जास्त बेचैन झाले. इतका चोख माणूस सरळ असूच शकत नाही.

दोन्ही बाजू झाल्यावर जावई हात धुवायला घरात गेला.

सर्व्हेअरांनी पक्कड घेतली, डाव्या बाजूच्या पिनेचे पाय सरळ केले आणि पिन ओढून खिशात टाकली. होऊन जाऊ दे एकदाचा सोक्षमोक्ष. ज्याला काळजी आहे तो काम झाल्यावर परत एकदा बघतो, दाखवण्यापुरतं करणारा बघत नाही. गाडी फाटकाबाहेर पडायच्या आत आपण पिन काढून सगळ्यांसमोर धरायची, असा त्यांचा बेत होता.

जावई आला, त्याने चाकं चढवली, जॅक लावून गाडी खाली घेतली. आत डोकावलासुद्धा नाही. सर्व्हेअरांना उकळ्या फुटत होत्या.

तेवढ्यात मुलगी आली, खुंटीवरची किल्ली तिने काढली आणि पहिली चक्कर माझी म्हणत थेट जाऊन स्टिअरिंगवर बसली. सर्व्हेअरांनी याचा विचारच केला नव्हता. गाडी जावई चालवणार असं ते धरून चालले होते. इंजिन धडधडायला लागलं. खिशातली पिन त्यांनी मुठीत घट्ट धरली. आता बोलायला हवं होतं, पण काय बोलणार? तुझ्या नवऱ्याला पकडायला मी सापळा लावलाय, असं? "थांब," ते म्हणाले, पण ते इतकं बारीक आलं की इंजिनाच्या आवाजात त्यांचं त्यांनाच ऐकू आलं नाही.

"थांब गं," जावई म्हणाला. "शेवटचं एकदा बघून घेतो."

त्याने तिला स्टिअरिंग पूर्ण वळवायला लावलं, बॅटरी घेतली आणि चाकामागे आडवा झाला. बराच वेळ तो तसाच होता. मग उठून म्हणाला, इंजिन बंद कर, पिन राहिली माझ्याकडून. मुलीने त्याला चांगलंच फैलावर घेतलं. माझा जीव घेणार होतास, दवाखान्यातही असाच धांदरटपणा करतोस का, वाट्टेल ते बोलली. तो हसत ऐकून घेत राहिला. त्याने डब्यातून नवी पिन काढून घातली, तिचे पाय वाकवले. सर्व्हेअर शेजारीच उभे होते. मुठीतली पिन त्यांनी खिशात आणखी खोल ढकलली.

गाडी फाटकाबाहेर पडली. दोघं तिच्याकडे बघत उभे राहिले.

"पिन मी घातली होती," जावई म्हणाला. आवाज तोच, मऊ. "बॅटरी तुम्हीच धरली होतीत. नंतर तुम्ही काढलीत. आठवतंय का, बाबा?"

इकडे आड, तिकडे विहीर. आठवतंय म्हणावं, तर पुढचा प्रश्न ठरलेला: मग ती गाडीत बसली तेव्हा गप्प का राहिलात? असे प्रश्न सर्व्हेअरांनी लोकांना जन्मभर विचारले होते. त्यांची उत्तरं देताना माणसाचं तोंड किती कोरडं पडतं, ते त्यांना आज कळलं.

"नाही बुवा," ते म्हणाले. "काहीच आठवत नाही."

जावयाने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. वयोमानाने होतं असं, घाबरायचं कारण नाही, त्याच्या ओळखीचे एक चांगले डॉक्टर आहेत, आईंना आत्ताच काही सांगायला नको, असं सगळं तो समजावून सांगत राहिला.

"फक्त तोवर गाडी एकट्याने काढू नका. किल्ली माझ्याकडे राहू दे."

सर्व्हेअरांनी त्याचा चेहरा निरखून पाहिला. ही काळजी होती की डाव? इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांना काही ठरवता येईना. आणि आता ते कोणाला विचारायची सोयही उरली नव्हती.

"बरं," ते म्हणाले.

कोपऱ्यावरून गाडी परत येताना दिसली, अगदी सरळ रेषेत. जावई अजून त्यांच्याकडेच बघत होता. विसरभोळ्या माणसाला शोभेल असं काहीतरी बोलायला हवं होतं.

"पिन कुठल्या चाकाची होती हो?" त्यांनी विचारलं. "डाव्या की उजव्या?"