हंगामी माणसाची पाटी

तिने शिकंज्यातली पाटी सोडवली, कोरलेल्या अक्षरांत काळा रंग भरला आणि वर सांडलेला रंग ती फडक्याने पुसत होती, तेवढ्यात कोपऱ्यातून बाबांची आरोळी आली.

"अगं ए, हा तर आपला शिपाई!"

दुकानातल्या छोट्या टीव्हीवर फुटबॉलचा सामना सुरू होणार होता. मैदानाच्या कडेला, पांढऱ्या रेषेपासून वीतभर मागे, एक माणूस हात पाठीशी बांधून उभा होता. अंगातलं क्लबचं जाकीट त्याला दोन मापं तरी मोठं होतं. पडद्यावर खाली त्याचं नाव आलं आणि नावाखाली दोन शब्द : हंगामी मॅनेजर.

ती फडकं हातात तसंच धरून पुढे झाली.

"तोच," ती म्हणाली. "पाटी उलटी करून नेणारा."

"तेच म्हणतोय मी. क्लबवर काय वेळ आली बघ. मॅनेजर मिळेना म्हणून शिपायाला उभं केलं!"

शेजारचा पंक्चरवाला सामन्याच्या दिवशी आपलं गिऱ्हाईक वाऱ्यावर सोडून इथेच येऊन बसत असे. त्याने बाबांकडे दयेने पाहिलं.

"शिपाई कसला, काका? क्लबच्या लहान मुलांच्या संघाला शिकवतो तो. माझा भाचा त्याच्याच हाताखाली होता. साहेबाला नारळ दिला, आता दुसरा मिळेपर्यंत याच्या गळ्यात घातलंय."

तिने कपाळाला हात लावला. हाताला काळा रंग होता, हे नंतर लक्षात आलं.

क्लबचं आणि या दुकानाचं नातं पाटीपुरतं होतं. क्लब जुना, एके काळी नावाजलेला आणि अलीकडे पार रसातळाला गेलेला. मॅनेजर येत, पण टिकत नसत. ओळीने चार सामने हरले की उचलबांगडी. मग एक-दोन दिवसांत हा माणूस वर्तमानपत्रात गुंडाळलेली पितळी पाटी काखेत घालून दुकानाची पायरी चढे. क्लबचा कारभार इतका काटकसरीचा, की जुन्या साहेबाच्या नावामागची कोरी बाजू वाया जाऊ देत नसत. पाटी उलटी करायची, मागे नव्या साहेबाचं नाव कोरायचं. दोन्ही बाजू भरल्या तरच नवा पत्रा. स्क्रू तो काडेपेटीत घालून आणे आणि काडेपेटीतच घालून परत नेई.

इतक्या वर्षांत तिने त्याला पत्र्याचं दुसरं टोक धरायला लावलं होतं, फळीवरचा डबा काढून द्यायला सांगितलं होतं. एकदा तर कोपऱ्यावरून चहा आणायला पिटाळलं होतं. त्याने तो आणलाही होता, बाबांसाठी बिनसाखरेचा वेगळा. तिच्या छिन्नीखालून किती जणांची नावं गेली, पण ती आणणाऱ्याचं नाव काय, हे विचारायचं तिला कधी सुचलं नाही. ते आज टीव्हीने सांगितलं.

त्या दिवशी संघ हरला नाही. जिंकलाही नाही, पण या हंगामात बरोबरी म्हणजे चैनच होती. पंक्चरवाला उठताना म्हणाला, "बघू, किती दिवस टिकतोय."

"टिकतोय कसला," बाबा म्हणाले. "मॅनेजरच्या खोलीच्या दाराला याची पाटी लागली का? नाही ना? मग तो पाहुणाच."

बाबांचं हे बोलणं तिच्या डोक्यात घर करून बसलं. खरंच, त्या दारावर आता काय असेल? हाकललेल्या साहेबाचं नाव अजून तसंच? की नुसती चार भोकं? शेवटची पाटी तिला चांगली आठवत होती. तिच्या दोन्ही बाजू भरलेल्या होत्या, म्हणजे याच्यासाठी नवा पत्रा लागणार. तिने एक चांगला जाड, बिनडागाचा तुकडा निवडला, कडा घासून गुळगुळीत केला आणि कागदात गुंडाळून फळीवर ठेवला.

"कुणी सांगितलंय का?" बाबांनी विचारलं.

"येईल की तो."

"वाट बघ."

तिने वाट पाहिली. आणि वाट पाहता पाहता ती त्या माणसाकडे पाहायला लागली. आजवर सामना पाहायचा म्हणजे तिचे डोळे चेंडूवर. आता चेंडू एकीकडे आणि तिची नजर कडेला उभ्या असलेल्या त्या ढगळ जाकिटावर. आधीचे साहेब हातवारे करत, बाटल्या लाथाडत, रेफरीच्या अंगावर धावून जात. हा काहीच करत नसे. चेंडू बाहेर आला तर वाकून उचलायचा, पँटला पुसायचा आणि खेळाडूच्या हातात द्यायचा. बाहेर काढलेला खेळाडू रागाने फणफणत आला की हा त्याला जाकीट घालायला मदत करायचा. जाकिटाची बाही तो जशी धरायचा, तसंच पत्र्याचं टोक धरत असे : घट्ट, पण आपण धरलंय हे समोरच्याला जाणवू न देता.

"याच्यात राम नाही," बाबा म्हणायचे. "मॅनेजर कसा पाहिजे? ओरडणारा."

"ओरडणारे सगळे गेले, बाबा. त्यांच्या पाट्या मीच केल्या."

बाबा त्यावर नाक मुरडत. पण पूर्वी मध्यांतरात हमखास डुलकी काढणारे बाबा आता जागे राहायला लागले होते. संघ एक सामना जिंकला, मग एक हरला, मग पुन्हा जिंकला. तळाशी रुतलेला क्लब एक जागा वर सरकला. शेवटचा सामना उरला तेव्हा हिशेब सरळ होता. हरलो तर खालच्या विभागात रवानगी, नाही हरलो तर वाचलो. क्लबचे अध्यक्ष मुलाखतीत म्हणाले, की हंगामी माणसाला कायम करायचं की नाही, ते हंगाम संपल्यावर पाहू.

त्याच आठवड्यात तो आला. काखेत वर्तमानपत्राची गुंडाळी, खिशात काडेपेटी, सगळं नेहमीसारखं. फक्त ती नेहमीसारखी राहिली नाही. ती गडबडीने उठली, स्टूल पुसलं आणि तिच्या तोंडून "या सर" निघून गेलं. तो मागे वळून पाहायला लागला, आपल्या पाठोपाठ कुणी आलं की काय.

"ताई, पाटी करायची होती."

"पत्रा तयार आहे," तिने फळीवरचं पुडकं काढलं. "नावही कागदावर काढून ठेवलंय. अक्षर बघा, एवढं मोठं चालेल?"

त्याने कागद हातात घेतला. बराच वेळ आपलं नाव पाहत राहिला. मग त्याने कागद नीट घडी घालून तिला परत दिला.

"सुंदर काढलंय. पण नाव नको. नुसतं 'मॅनेजर' लिहा."

"नावाशिवाय पाटी?" कोपऱ्यातून बाबा. "नुसतं 'किराणा' लिहायला ते काय दुकान आहे?"

तो बाबांकडे वळून हसला. मग स्टुलावर बसला आणि काडेपेटी हातात फिरवत राहिला.

"पाटी काढायचं काम माझ्याकडे कसं आलं कुणास ठाऊक. दुकान घराच्या वाटेवर आहे म्हणून असेल. मागच्या वेळी सांगितलं, आजच्या आज काढा. गेलो, तर साहेब आतच होते. खोक्यात सामान भरत होते. मी बाहेर स्क्रू फिरवतोय. स्क्रू गंजलेले, कुरकुर आवाज करायचे. आत ऐकू जाऊ नये म्हणून मी एकेक आटा थांबत थांबत फिरवला. चौथा निघाला आणि दार उघडलं. साहेब म्हणाले, 'द्या, मी धरतो.' पाटी त्यांनीच धरली, मी वर्तमानपत्र गुंडाळलं."

बाहेर पंक्चरवाला कुठल्या तरी चाकात हवा भरत होता.

"नुसतं पद असलं म्हणजे कुणी आलं, कुणी गेलं, पाटी आपली जागेवर," तो म्हणाला.

"आणि तुम्ही कायम झालात तर?"

"झालो तर झालो. नाही झालो तर माझी पाटी काढायला कोण जाणार, ताई? मलाच जावं लागेल."

हे त्याने हसत सांगितलं, पण तिला हसू आलं नाही.

पाटी दुसऱ्या दिवशी द्यायची होती. 'मॅनेजर' ही अक्षरं तिने दुपारपर्यंत कोरून संपवली. रंग भरला, पुसला. मग पाटी शिकंज्यातून सोडवली, उलटी केली आणि पुन्हा आवळली.

बाबांनी चष्मा कपाळावर चढवला.

"त्यानं नको म्हणून सांगितलं होतं."

"पुढे नको म्हणाला. मागे नको असं कुठे म्हणाला?"

"शहाणी आहेस." थोड्या वेळाने बाबा म्हणाले, "खोल कोर. वरवर नको."

तो पाटी न्यायला आला तेव्हा तिने ती आधीच कागदात गुंडाळून दोऱ्याने पक्की बांधून ठेवली होती. त्याने उघडून पाहिली नाही. इतक्या वर्षांत कधी पाहिली नव्हती, आज तरी कशाला पाहील? तो गेला आणि तिचा जीव टांगणीला लागला. पाटी दाराला लावताना मागची बाजू दिसणारच. तो चिडेल? खाडाखोड करायला परत आणेल? की घाईत लक्षच जाणार नाही? तो परत आला नाही, आणि त्यावरून काहीच कळेना.

शेवटच्या सामन्याला दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. पंक्चरवाल्याने आपलं दुकान चक्क बंद केलं होतं. सामना भिकार झाला. दोन्ही संघ घाबरलेले, चेंडू नुसता इकडून तिकडे. शेवटच्या मिनिटांत समोरच्यांना पेनल्टी मिळाली, तेव्हा बाबांनी डोळे मिटून घेतले. तिने गोलकीपरकडे पाहिलंच नाही. ती त्याच्याकडे पाहत होती. तो पाठमोरा झाला होता आणि बाकावर रडवेल्या तोंडाने बसलेल्या एका बदली खेळाडूच्या बुटाची नाडी बांधत होता. चेंडू खांबाला लागून बाहेर गेला. दुकानात एकच गिल्ला झाला. त्याने नाडीची गाठ पुरी केली आणि मग मान वर केली.

क्लब वाचला.

आणि आठवड्याभराने क्लबने नवा मॅनेजर जाहीर केला. मोठं नाव, मोठा पगार, सुटाबुटातला फोटो. हंगामी मॅनेजरचे आभार बातमीच्या शेवटच्या ओळीत मानलेले होते. पंक्चरवाल्याने वर्तमानपत्र टेबलावर आपटलं. बाबांनी ते उचललंही नाही. तिला इतका राग आला, की तिने त्या दिवशी एक पाटी बिघडवली.

तो आला तेव्हा ती पाठमोरी होती. पायरीवरच्या पावलांवरूनच तिने ओळखलं.

काखेत गुंडाळी, हातात काडेपेटी.

"नव्या साहेबांना नाव हवंय," तो म्हणाला. "नुसतं पद चालायचं नाही म्हणाले."

"मग ही उलटी..." म्हणता म्हणता ती थांबली.

"उलटी कशी करणार?" त्याचा चेहरा अगदी गंभीर होता. "मागची बाजू भरलेली आहे. क्लबला तसं सांगितलं. म्हटलं, जागा नाही, नवा पत्रा लागेल."

तिने हातातली छिन्नी खाली ठेवली.

"कधी पाहिलंत?"

"लावतानाच."

"आणि तरी लावलीत?"

"लावली की. नाव दाराकडे तोंड करून होतं, कुणाच्या अध्यात ना मध्यात. सकाळी खोलीत शिरताना तेवढं मला ठाऊक असायचं."

तिला खूप काही विचारायचं होतं. तो अध्यक्षांना काय म्हणाला, घरी काय म्हणाला, पुन्हा लहान मुलांकडे जाताना कसं वाटणार आहे. त्यातलं तिने काहीच विचारलं नाही.

"स्क्रू हळू काढलेत?"

"छे. या वेळी आत कुणी नव्हतं. चांगले जोरात काढले."

त्याने नव्या साहेबांच्या नावाची चिठ्ठी टेबलावर ठेवली. मग गुंडाळीचा कागद थोडा बाजूला करून पाटीच्या कडेवरून बोट फिरवलं.

"ही क्लबला नकोय. दुसऱ्यांच्या पाट्या नेता नेता माझ्या घराच्या दाराची राहूनच गेली. म्हटलं, ही लावावी." तो जरा थांबला. "उलटी."

त्याने काडेपेटी उघडून तिच्यापुढे धरली.

"लाकडी दार आहे. हेच स्क्रू चालतील ना, ताई?"

ती उत्तर देणार, तोच कोपऱ्यातली खुर्ची करकरली. बाबा टेबलाचा आधार घेत उठले, फळीवरचे पत्र्याचे डबे एकेक उघडून पाहू लागले. तिने मदतीला हात पुढे केला, तो त्यांनी झटकला. शेवटच्या डब्यात त्यांना हवं ते सापडलं. त्यांनी चार स्क्रू वेचून काढले, सदऱ्याला पुसले आणि त्याच्या तळहातावर ठेवले.

"ते आखूड आहेत. हे घ्या, मॅनेजर," बाबा म्हणाले. "हे लांब आहेत. सहजासहजी निघायचे नाहीत."